कमानीच्या अलीकडे

गल्फमध्ये राहणाऱ्यांच्या घरी फोनवर कोणी मरत नाही. फोनवर माणूस सीरियस होतो. "बाबा जरा सीरियस आहेत, जमलं तर येऊन जा," असं पलीकडून कोणीतरी घसा खाकरत सांगतं आणि इकडचा माणूस पासपोर्ट शोधायला लागतो. माझ्या नवऱ्याच्या कंपनीत तिकिटांचं काम बघणारा एक मल्याळी क्लार्क होता. दुबईबाहेरच्या सोनापूरच्या कामगार-कॅम्पातला एखादा मेकॅनिक हातातलं काम टाकून ऑफिसात आला आणि "घर से फोन आया, माँ सीरियस है" म्हणाला, की हा क्लार्क पुढे काही विचारायचाच नाही. मान खाली घालून पहिल्या विमानाचं बघायचा. त्या मेकॅनिकला सोडून अख्ख्या ऑफिसाला खरं काय ते कळलेलं असायचं.

मला या पद्धतीचा मनापासून राग आहे, आणि तो उगाच नाही. नव्वद सालानंतर आम्ही काही वर्षं अजमानला राहत होतो, कारण दुबईतलं भाडं परवडत नव्हतं. तिथे एका दुपारी माझ्या भावाचा फोन आला. बाबा सीरियस आहेत, म्हणाला. मी शारजाहून विमान पकडलं. बॅगेत त्यांच्यासाठी व्हिटॅमिनच्या गोळ्या, खजूर आणि दोन मऊ बनियन घेतले. अख्खा प्रवास मी देवाशी घासाघीस करत होते. त्यांना उठवून बसव, मी चहा सोडते. चालतं करून दे, मी गोड सोडते. घरी पोचले तर दाराबाहेर चपलांचा ढीग. बाबा आदल्या दिवशीच गेले होते आणि सगळं उरकलंही होतं. भाऊ म्हणाला, "तुला प्रवासात त्रास नको म्हणून सांगितलं नाही." वडील गेल्याचं दुःख झालंच, पण मला सोडून सगळ्यांना माहीत होतं आणि मला तेवढं मूर्ख बनवून विमानात बसवलं, ही चीड त्या दुःखातही सुटली नाही. आजही सुटलेली नाही. चहा मात्र मी दुसऱ्याच दिवसापासून प्यायला लागले.

ही गोष्ट आमच्या जेवणाच्या टेबलावर एकदा निघाली, तेव्हा नवऱ्याचे जपानी साहेब समोर होते. हे साहेब दुबईत एकटे राहायचे आणि महिन्या-दोन महिन्यांनी आमच्याकडे वरणभात खायला यायचे. अरबी त्यांना यल्ला, खलास, इन्शाल्लापुरतं येई, पण हिंदी मात्र झकास. ती ड्रायव्हर आणि मेकॅनिक लोकांकडून उचललेली होती, त्यामुळे माझ्यासमोर बोलता बोलता मध्येच एखादी सणसणीत शिवी अगदी आदबीनं यायची आणि नवरा पाण्याचा ग्लास पुढे करायचा. त्या दिवशी साहेबांनी विचारलं, "तुम्हारे देश में आदमी पहले सीरियस क्यों होता है?" आम्ही समजावून सांगितलं. त्यांनी भात संपवेपर्यंत विचार केला आणि म्हणाले, "हमारे यहाँ भी मुश्किल बात सीधा नहीं बोलता. लेकिन इतना नहीं." मला तो माणूस तेव्हापासून आवडायला लागला.

पुढे साहेब निवृत्त होऊन मायदेशी गेले. आम्हीही अजमान सोडून दुबईत आलो. दोन हजार साल उलटल्यावर कंपनीनं नवऱ्याला ट्रेनिंगसाठी जपानला बोलावलं, आणि साहेबांचा पाठोपाठ फोन आला, की फॅमिलीला आणा, मी फिरवतो. फॅमिली म्हणजे मी, आमची आठ-नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडेच होत्या. माणूस तरतरीत. बाजारात गेल्या की दिरहमला बारानं गुणून भाजीवाल्याच्या तोंडावर रुपये सांगायच्या. "साठ रुपयाला मेथीची जुडी? सांगलीत एवढ्यात गाय येईल," हे त्यांचं नेहमीचं. नातीला त्या मराठीत विचारायच्या, नात इंग्रजीत उत्तर द्यायची आणि दोघींचं छान चालायचं. संध्याकाळी मी त्यांना खाडीकाठच्या बागेत न्यायचे. तिथल्या प्रत्येक झाडाच्या बुडाशी पाण्याची काळी नळी असते. पहिल्या दिवशी त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, इथं झाडालासुद्धा सलाईन लावलंय."

जपानला निघायच्या आधी मात्र त्यांनी पाय मागे घेतला. त्यांचा धाकटा भाऊ मिरजेला हॉस्पिटलात होता. बायपास झाली होती. ऑपरेशन चांगलं झालं असं सगळे सांगत होते, तरी त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. आई लवकर गेल्यामुळे या भावाला त्यांनीच कडेवर वाढवलेला. शेवटी भावानंच हॉस्पिटलातून फोन केला. "ताई, तू जा. मी कुठं पळून चाललोय? जपान बघून ये आणि मला सगळं सांग. देवळांचं नको सांगूस, खायला काय मिळालं ते सांग." मग त्या तयार झाल्या, पण एका अटीवर. जपानमधल्या जुन्यात जुन्या, मोठ्यात मोठ्या देवळात मला न्यायचं. भावासाठी मागणं मागायचंय. दुबईतल्या खाडीवरच्या मंदिरात त्यांनी आधीच मागून ठेवलं होतं, पण त्यांच्या मते दोन ठिकाणी सांगितलेलं बरं.

देवाला वाहायला म्हणून त्यांनी दुबईहून नारळ घेतला. मी नको म्हणत होते, नवरा म्हणाला काही होत नाही. उंटावरचे शहाणे आमच्या घरात पहिल्यापासून होते, उंट आम्ही नंतर पाहिले. विमानतळावर पांढरे हातमोजे घातलेल्या एका मुलीनं तो नारळ दोन्ही हातांनी उचलला, आमच्यापुढे कमरेत वाकली आणि जप्त केला. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे. इतक्या नम्रपणे घेतलाय, देवाला पोचला असं समजू."

दुसऱ्या दिवशी साहेब आम्हाला हॉटेलजवळच्या एका लहानशा देवळात घेऊन गेले. दाराशी दगडी कुंड, त्यात पाणी, वर लांब दांड्याच्या पळ्या ठेवलेल्या. साहेब समजावून सांगायच्या आत सासूबाईंनी पळीभर पाणी उजव्या तळहातावर घेतलं, ओठांना लावून पिऊन टाकलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. झालं तीर्थ. खरं म्हणजे त्या पाण्यानं हात धुवायचे, चूळ भरायची आणि ती बाजूला टाकायची. साहेबांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनीही तळहातावर पाणी घेतलं, प्यायलं आणि आपल्या टकलावरून हात फिरवला. आत दोन टाळ्या वाजवून देवाला जागं करायचं, असं त्यांनी सांगितल्यावर सासूबाईंना फारच बरं वाटलं. "आपल्यासारखंच आहे सगळं, नुसता गोंधळ कमी," त्या म्हणाल्या. मोठं देऊळ उद्या, नारा शहरात, असं ठरलं.

तो उद्या उजाडला आणि हॉटेलच्या खोलीतला फोन वाजला. सासूबाई शेजारच्या खोलीत आंघोळ करत होत्या, नात त्यांच्याच पलंगावर झोपलेली. नवऱ्यानं फोन घेतला आणि बोलता बोलता भिंतीकडे तोंड केलं. त्याची पाठ बघून मला कळलं. फोन मामेभावाचा होता. मामांना पहाटे पुन्हा त्रास झाला आणि ते गेले. नवऱ्याला त्यानं सरळ सांगून टाकलं. पुढे मामेभाऊ म्हणाला होता, "आत्याला आत्ता कळू देऊ नकोस."

आम्ही कॉरिडॉरमध्ये येऊन भांडलो, तेही कुजबुजत. नवऱ्याचं म्हणणं चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. परतीचं विमान दोन दिवसांनी होतं, तेही दुबईला. काही केलं तरी आई भावाचं तोंड बघू शकणार नव्हती. परक्या मुलखात तिला सांगून करायचं काय? दुबईला पोचल्यावर, आपल्या घरात सांगू. बोलताना त्याचे डोळे लाल झाले होते. याच मामांनी त्याला कृष्णेत पोहायला शिकवलं होतं.

"मग आज देवळात नको," मी म्हटलं. "सुतक आहे."

"कळेपर्यंत सुतक लागत नाही. शास्त्र आहे तसं. तिला कळलेलं नाही."

"मला कळलंय ना."

"तू कधीपासून सुतक मानायला लागलीस?"

खरंच, मी मानत नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या जुन्या विमानातली मीच होते. गेलेल्या भावाला बरं कर म्हणून ही बाई देवापुढे हात जोडणार आणि आम्ही दोघं मागे उभं राहून बघणार, हे मला नको होतं. तेवढ्यात सासूबाईंचं दार उघडलं. नवी इरकल नेसून त्या समोर उभ्या. "चला, यल्ला," म्हणाल्या. दुबईत आल्यापासून हा शब्द त्यांच्या जिभेवर बसला होता.

साहेबांनी गाडी चालवली. नाराला ते देऊळ एका भल्यामोठ्या वनराईच्या टोकाला आहे. आधी गवताची मोकळी मैदानं, मग झाडी, मग दाट झाडी. त्यात शेकडो हरणं गावातल्या गायींसारखी बिनधास्त हिंडत होती. ती देवाची म्हणून तिथे त्यांना कोणी हात लावत नाही, असं साहेब म्हणाले. बिस्किटाचा पुडा दाखवला की हरणं मान वाकवून नमस्कार करतात. सासूबाईंनी एकाला नमस्कार केला, त्यानं परत केला, यांनी पुन्हा केला. शेवटी कंटाळून त्यानं त्यांचा पदरच तोंडात धरला. सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना माझ्या खांद्याला धरावं लागलं. "हे त्याला सांगायला पाहिजे. म्हणावं, खायला मिळालं ते हरणांना, मला काही नाही!" मीही हसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. नवरा मुलीला घेऊन हरणांच्या निमित्तानं मागे मागे राहत होता. त्याला आईच्या जवळ येववत नव्हतं.

झाडीतून देवळाकडे जाणारी रुंद मातीची वाट होती. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे दगडी दिवे, त्यांच्यावर हिरवं शेवाळ. झाडं इतकी जुनी आणि जाड, की चौघांनी हात धरले तरी कवेत आली नसती. वाटेवर पडलेलं ऊनसुद्धा हिरवट दिसत होतं. अजमान-दुबईत इतकी वर्षं काढल्यावर एवढी सावली एकदम अंगावर आली की माणूस आपोआप हळू चालायला लागतो. सासूबाई एका झाडाच्या मुळाशी वाकल्या. "इथं सलाईन नाही," त्या म्हणाल्या, आणि खोडाला हात लावून तो हात कपाळाला लावला. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

मग ती कमान आली. दोन खांब, वर दोन आडव्या तुळया, सगळं शेंदरी लाल. दार नाही, भिंत नाही, नुसती कमान. साहेब अलीकडे थांबले, वाकले आणि सासूबाईंकडे वळले. "माताजी, यहाँ से अंदर भगवान का जगह. एक कायदा है. जिसके घर में कोई मर गया, वो अंदर नहीं जाता. थोड़ा दिन बाहर."

सासूबाईंचा चेहरा उजळला. "म्हणजे सुतक! अगं, यांच्यातही सुतक पाळतात बघ." त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि हात जोडले. "आपल्याकडे देवाच्या दयेनं सगळं सुखरूप आहे. चल."

मी त्यांचं मनगट धरलं.

"काय गं? चपला इथंच काढायच्या का?"

"आई, आपल्याला आत जाता यायचं नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला तोंडाशी आलेला तो दुसरा शब्द स्पष्ट आठवतो. सीरियस. तो म्हटला असता तर सगळं थोडं पुढे ढकललं गेलं असतं. मी म्हटलं, "मामा गेले. आज पहाटे."

त्यांनी जोडलेले हात हळूच सोडले. वाटेच्या कडेला एका दगडी दिव्याची पायरी होती, तिच्यावर जाऊन बसल्या. मी खाली मातीत बसले. त्यांनी विचारलं, "जवळ कोण होतं?" मी म्हटलं, मुलगा होता, मामी होत्या. "पाणी मिळालं का तोंडात?" ते मला माहीत नव्हतं आणि मी माहीत नाही असंच सांगितलं. त्यांनी मान हलवली. "तरीच तू सकाळी नाश्त्याला हात लावला नाहीस," त्या म्हणाल्या, आणि मग पदर तोंडावर घेऊन आवाज न करता रडल्या. हरणं आमच्या बाजूनं जात होती. माणसं जात होती. एक म्हातारी जपानी बाई थबकली, आमच्याकडे बघून किंचित वाकली आणि नजर खाली करून पुढे गेली.

साहेब बोलता बोलता कमानीच्या आत चार पावलं गेले होते. आम्ही आलो नाही हे पाहून परत आले. सासूबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, "सीरियस?"

"नहीं सर," मी म्हटलं. "खलास." 'मर गया' माझ्या तोंडून निघालं नसतं.

साहेब सासूबाईंपुढे कमरेत वाकले आणि कितीतरी वेळ वर आलेच नाहीत. मग आमच्यापासून थोडं दूर, कमानीच्या अलीकडेच, गवतात जाऊन बसले. आत त्यांना जाता आलं असतं. त्यांच्या घरी कोणी गेलं नव्हतं. ते गेले नाहीत.

नवरा आला तेव्हा आईला बघताच त्याला समजलं. आधी त्यानं माझ्याकडे रागानं पाहिलं. तो राग मी मुकाट्यानं घेतला. सासूबाईंनी त्याला विचारलं, "तुलाही माहीत होतं का रे?" तो त्यांच्या पायाशी बसला, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ज्यासाठी दुबईपर्यंत दम धरायचं त्यानं ठरवलं होतं ते सगळं तिथेच बाहेर पडलं. मुलगी "What happened to Baba?" म्हणत माझ्या कुशीत शिरली. मी तिलाही सांगितलं, मामाआजोबा गेले. ती म्हणाली, "Okay," आणि आजीच्या शेजारी जाऊन बसली, तिचा हात धरून.

थोड्या वेळानं सासूबाई उठल्या. मी म्हटलं, इथूनच हात जोडता का? त्यांनी मान हलवली. "आज नमस्कारही नको. देव कुठं जात नाही. मला आधी आंघोळ करायला हवी." आम्ही त्याच वाटेनं परत फिरलो. सकाळपासून पहिल्यांदाच मी मोकळा श्वास घेतला.

हॉटेलात आंघोळ करून, ओले केस तसेच ठेवून, त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "मिरजेला फोन लाव." फोन भाच्यानं उचलला. ट्रंककॉलवर ओरडून बोलायच्या दिवसांपासून सासूबाई रिसीव्हर कानापासून थोडा लांब धरायच्या आणि पलीकडचं आम्हालाही ऐकू यायचं.

"आत्या? तू कशाला फोन केलास एवढ्या लांबून?" चाळिशीचा माणूस, पण आवाज मुद्दाम खणखणीत काढलेला. "बाबा झोपलेत गं. मजेत आहेत. डॉक्टरांनी जास्त बोलू नका म्हणून सांगितलंय, एवढंच. तू जपान बघ."

सासूबाईंनी त्याला मध्ये तोडलं नाही. सगळं बोलू दिलं. त्याचा आवाज संपल्यावर म्हणाल्या, "बाळा, मला कळलंय. मी आंघोळसुद्धा केली. सकाळपासून किती जणांना असं सांगत बसला असशील? आता माझ्यापुढं नको. तू रड."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. सासूबाई ऐकत राहिल्या, आणि लहान मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यांचा हात फोनच्या वायरवरून फिरत राहिला.